मोकळं फिरलेलं स्टिअरिंग

सुरगाण्याच्या रस्त्यावरचा तो जीपचा अपघात माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नोकरीत मी याहून मोठे गुन्हे पाहिले. पण कुणी आठवण सांगा म्हटलं, की आधी ही केस समोर येते. ती नीट सांगता येईल की नाही, याची मला थोडी शंका आहे, कारण तिच्यात पोलादाचं शास्त्र आहे आणि मी शिकलो इतिहास. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील गिरणीत कामगार, आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. विज्ञान शाखेची फी आणि प्रयोगवह्यांचा खर्च झेपणार नाही म्हणून मी कला शाखेला गेलो. तरी जे समजलं ते साध्या शब्दांत लिहितो. जाणकारांनी चूक पोटात घालावी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. दसरा होऊन काही आठवडे झाले होते. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली, की सुरगाण्याच्या पाड्यांवरून मजूर जीपगाड्यांनी खाली येत. भात कापून झालेलं असे, नागली घरात आलेली असे. एका जीपमध्ये किती माणसं बसतात हे नियमात लिहिलेलं होतं, पण तो नियम घाटात कुणी पाळत नव्हतं.

अशीच एक भरलेली जीप उतारावरच्या वळणावर रस्ता सोडून नाल्यात गेली. तीन माणसं गेली, दोन बायका आणि एक म्हातारा. बाकीचे जखमी. ड्रायव्हर वाचला, त्याची फक्त बरगडी मोडली होती.

आम्ही पोचलो तेव्हा पाड्यावरचे लोक ड्रायव्हरला घेरून उभे होते. तो त्यांच्याच पाड्यावरचा, कोकणा समाजातला तिशीचा माणूस. गेलेल्या बायकांपैकी एक त्याच्या सख्ख्या चुलतभावाची बायको होती. तिला ताप होता म्हणून ड्रायव्हरनेच तिला मागच्या गर्दीतून उठवून पुढे आपल्या शेजारी बसवलं होतं. चुलतभाऊ मागे बसलेला होता, तो हात मोडून वाचला. फिर्याद त्यानेच दिली. भरधाव गाडी चालवून माझी बायको मारली, असं त्याने स्पष्ट सांगितलं आणि अंगठा उमटवला.

मी ड्रायव्हरवर हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदवला. कलम जामीनपात्र होतं. पण जामीनदार म्हणून पाड्यावरचा एकही माणूस उभा राहिला नाही. शेवटी कोर्टाने त्याला न्यायालयीन कोठडीत पाठवलं. ज्या कलमात माणूस त्याच दिवशी घरी जातो, त्या कलमात हा जेलमध्ये जाऊन बसला. त्याची बायको दोन लेकरं घेऊन माहेरी निघून गेली, कारण पाड्यावर तिच्याशी कुणी बोलेना.

त्याचं म्हणणं एकच होतं. "मी काय नाय केला, सायेब. स्टेरिंग मोकळा फिरला." घटनास्थळी तो हे बोलला, दवाखान्यात हेच बोलला, जबाबातही हेच. मी वेगवेगळ्या बाजूंनी प्रश्न विचारले. मोकळं फिरलं म्हणजे काय? तो दोन्ही हात हवेत धरून गोल फिरवून दाखवायचा, रिकाम्या जात्यासारखे.

माणसांबद्दल एक गोष्ट मी ठाण्यात बसून शिकलो होतो. खोटं सांगणारा दर वेळी काहीतरी भर घालतो. पहिल्यांदा समोरून ट्रक येतो, दुसऱ्यांदा त्या ट्रकचा दिवा बंद असतो, तिसऱ्यांदा त्यात दारू प्यालेला माणूस असतो. या माणसाने काहीच भर घातली नाही. आपल्याला मदत होईल असं एखादं वाक्यसुद्धा त्याला सुचत नव्हतं.

जीपच्या स्टिअरिंगखालून चाकांकडे जाणारा एक लोखंडी हात असतो, मेकॅनिक त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. तो मधोमध तुटलेला मिळाला होता. पंचनाम्यात घेऊन, लाखेचं सील लावून आम्ही तो मुद्देमाल खोलीत ठेवला होता. मोटार वाहन निरीक्षकांनी पाहून लिहिलं, की भाग मूळचा दिसतो, खडकावर आपटून तुटला असण्याची शक्यता आहे. त्यांनाही दोष देता येत नाही. दोन्ही तुकड्यांवर सारखा काळा रंग होता आणि तुटलेली जागा नाल्याच्या पाण्यात गंजून गेली होती.

जीपचा मालक नाशिकचा. तिथल्या द्वारका भागात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. तो पांढरा सफारी सूट घालून ठाण्यात आला, सगळ्यांसाठी चहा मागवला आणि म्हणाला, गाडी दसऱ्याला पूर्ण चेक करूनच रस्त्यावर काढली होती. आर्म तुटला म्हणून गाडी गेली नाही, गाडी गेली म्हणून आर्म तुटला. वाक्य त्याने आधीच तयार करून आणलेलं वाटलं. पण ते खोडायला माझ्याकडे काही नव्हतं.

आमचे एक जुने हवालदार होते, निवृत्तीला आलेले. त्यांचे नातेवाईक द्वारकेला राहत. ते एकदा सुट्टीवरून आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहून सहज म्हणाले, "साहेब, त्या मालकाच्या गॅरेजात खांडेनवमीला वेल्डिंग चाललं होतं म्हणे. समोरचा चहावाला सांगत होता."

मी म्हटलं, त्यात काय विशेष?

हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, कॉलेजात हेच शिकवलं का. "अहो, नवमीला हत्यारं पूजेला मांडतात. पाना उचलत नाहीत कुणी, वेल्डिंग कुठलं? सगळ्या गल्लीनं बघितलं. म्हणून तर चहावाल्याच्या ध्यानात राहिलं. एरवी गॅरेजात काय चाललंय हे कोण बघतो?"

मी नाशिकला जाऊन चहावाल्याचा जबाब घेतला. त्याने जीप ओळखली. मालक आणि वेल्डर यांचं भांडण झाल्याचं त्याने ऐकलं होतं, वेल्डर नाही नाही म्हणत होता. पण वेल्डिंग कशाला केलं ते त्याने पाहिलं नव्हतं, मधे गाडी आडवी होती.

मालकाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, मडगार्डला टाका मारला, एवढंच. वेल्डरला बोलावलं. चाळिशीचा, अबोल माणूस. तोही मडगार्डच म्हणाला. पण बोलताना माझ्याकडे बघेना. मी त्याला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा उत्तर तेच आणि तेवढंच. नाल्यात चेपलेल्या मडगार्डवर खरोखरच वेल्डिंगचा एक टाका होता. त्यामुळे पुढचा प्रश्नच खुंटला.

आर्म सरकारी प्रयोगशाळेकडेही पाठवला होता, तिचा अहवाल आला. दोन्ही तुकडे पोलादाचे, तुटलेली जागा गंजामुळे अस्पष्ट, निश्चित मत देता येत नाही. वरिष्ठ आरोपपत्राची घाई करत होते. त्यांचंही बरोबर होतं, ठाण्यात कामं थोडी नव्हती. मी त्यांना सांगितलं, की मला तो आर्म आणखी एका ठिकाणी दाखवायचा आहे. नाशिकच्या तंत्रनिकेतनातल्या एका शिक्षकांनी मला सांगितलं होतं, की मुंबईच्या एका संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे आणि तो वस्तू हजारो पट मोठी करून दाखवतो.

साहेब हसले. "म्हणजे आता जीपचं पोस्टमॉर्टेम करणार का?"

मी म्हटलं, "हो सर, तसंच काहीसं. त्यासाठी तुकडा कापावा लागेल. कोर्टाची परवानगी लागेल."

"घे परवानगी. पण लवकर आटप. हसं होईल असं काही करू नकोस."

परवानगी मिळाली, ती अर्ध्याच तुकड्याची. उरलेला अर्धा सीलबंद ठेवायचा, म्हणजे उद्या आरोपीच्या किंवा आणखी कुणाच्या वकिलाला पुन्हा तपासून घ्यायचा असेल तर घेता येईल. मुद्देमाल घेऊन मी स्वतः मुंबईला गेलो. सोबत एक शिपाई होता. तो मुद्देमालाचा डबा मांडीवरून खाली ठेवेना, इगतपुरीला वडा खातानाही नाही.

तिथल्या प्रयोगशाळेत एक बाई होत्या, धातुशास्त्राच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, वर पांढरा कोट. आधी त्यांनी मला फार वेळ दिला नाही. पोलिसांना दोन ओळींत उत्तर हवं असतं आणि पोलाद दोन ओळींत बोलत नाही, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, मला घाई नाही, एक माणूस जेलमध्ये आहे, त्याला घाई आहे. मग त्यांनी खुर्ची दिली.

त्यांनी तुकडा कापून घासून आरशासारखा केला. गंजलेली जागा वेगळी साफ केली. यंत्राच्या पोटात तो ठेवून आतली हवा काढून घेतली. हिरवट पडद्यावर एकेक रेघ उमटत चित्र तयार व्हायला लागलं. मला ते ढगासारखं दिसलं. काय बघायचं तेच कळेना.

मी तसं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील, पण हसल्या नाहीत. त्या समजावू लागल्या. पोलाद वितळलेलं असतं तेव्हा त्यात प्राणवायूमुळे ऑक्साइडचे बारीक कण तयार होतात. कितीही चांगलं पोलाद असलं, तरी थोडी ही मळी आत राहतेच. डोळ्याला दिसत नाही.

"तुमच्या घरी पुरणपोळी होते ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सणाला होते.

"उंड्यात पुरण भरलं, की ते आत गोल असतं. पोळी लाटली की तेच पुरण पसरतं. हा आर्म कारखान्यात तापवून, ठोकून, दाबून घडवलेला आहे. म्हणून त्याच्या आतले कण लाटल्यासारखे लांबट व्हायला हवेत. जे कठीण असतात ते फुटून एका रांगेत बसतात. हे बघा."

त्यांनी तुटलेल्या जागेपासून लांबचा भाग पडद्यावर आणला. तिथे बारीक लांबट रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या. एवढं मलाही दिसलं.

मग त्यांनी तुकडा तुटलेल्या जागेकडे सरकवला. रेघा एका ठिकाणी एकदम संपल्या. पुढे मण्यांसारखे गोल कण होते, आणि अधूनमधून काळी भोकं.

"हे लाटलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "हे वितळून जागच्या जागी गोठलेलं आहे. हे वेल्डिंगचं पोलाद आहे, इन्स्पेक्टर. आणि चांगल्या वेल्डिंगचंही नाही. ही भोकं हवेची आहेत. असा जोड तुटायला खडक लागत नाही, वळणावरचा ताण पुरतो."

मी उपनिरीक्षक होतो. पण त्या वेळी दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

मी विचारलं, की निरीक्षकांना, आधीच्या प्रयोगशाळेला हे का दिसलं नाही? त्या म्हणाल्या, कुणीतरी वेल्डिंगनंतर तो भाग गॅसच्या ज्योतीने लाल करून हळूहळू थंड केलाय, मग घासून रंग दिलाय. जोडाच्या बऱ्याच खुणा त्या उष्णतेने पुसट होतात. पण या कणांचा आकार त्याने बदलत नाही. माझ्या मनात आणखी एक शंका आली, ती मी भीत भीत बोललो. मालक उद्या म्हणाला, की भाग नकली होता, कारखान्यातच ओतून केलेला होता, म्हणून कण गोल आहेत, तर?

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "शास्त्र शिकलात का?"

"नाही, इतिहास."

"शंका चांगली आहे. अख्खा भाग ओतलेला असता तर सगळीकडे गोल दिसले असते. इथे मधेच गोल आहेत आणि बाजूला लांबट. सीमा तुम्ही स्वतः पाहिलीत."

त्यांनी फोटो काढून दिले आणि सविस्तर अहवाल नंतर टपालाने पाठवला. येताना शिपायाने मला विचारलं, की साहेब, काही निघालं का? मी म्हटलं, ड्रायव्हर खरं बोलत होता.

वेल्डरला मी पुन्हा बोलावलं. दमदाटी केली नाही. फोटो टेबलावर ठेवले आणि बाईंनी मला सांगितलं तसंच त्याला सांगितलं, पुरणपोळीसकट. त्याने एक फोटो जवळ ओढला. भोकांवर बोट ठेवून म्हणाला, "ही ओलीची हायेत."

मग त्याने सांगितलं ते असं. नवमीच्या सकाळी जीप आली ती आर्मला चीर घेऊनच. दुसऱ्या दिवशी दसरा, सुरगाण्याचे फेरे ठरलेले. नवा आर्म आणावा तर सुट्या भागांच्या दुकानांत तराजू-मापांची पूजा, विक्री बंद. मालकाने वेल्डिंग करायला सांगितलं. यंत्र, पाने, हातोड्या सगळं धुऊन पाटावर मांडलेलं, झेंडूच्या माळा घातलेल्या. वेल्डर नाही म्हणाला. मालकाने स्वतः माळ काढून यंत्र ओढून पुढे आणलं.

"वेल्डिंगच्या सळ्यांचं नवं पाकीट पण पूजेत होतं, साहेब. त्याच्यावर हळदकुंकू व्हायलेलं. मशीन मालकानं उचललं, पण पाकिटाला मी हात लावला नाय. कोपऱ्यात पावसाळ्यातल्या उरलेल्या सळ्या पडल्या होत्या, त्या वापरल्या. ओलसर होत्या, ओलीची वाफ जोडात अडकून भोकं पडतात. मला ठाऊक होतं. म्हटलं, एवढ्यापुरतं निघंल."

मी विचारलं, मग गॅसने तापवलं कुणी?

"मीच. जोड दिसू नये म्हणून मालक म्हणाले. दसरा झाला की नवा आर्म टाकू म्हणाले. टाकलाच नाही."

पुढे तो म्हणाला, की अपघात झाला तेव्हापासून त्याला वाटतंय, हत्यारं पूजेतून उठवली म्हणून ती कोपली आणि त्या माणसांना घेऊन गेली. म्हणूनच तो बोलत नव्हता. पोलिसांपेक्षा त्याला त्याचीच भीती जास्त होती.

मी त्याला सांगितलं, की मी बौद्ध घरातला आहे, हत्यारांच्या रागाबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण ओल्या सळईचं मात्र फोटोत दिसतंय. ऐकून तो रडला. मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि जबाब लिहून घेतला.

मालकाला अटक झाली. त्याच्या घरी गेलो तेव्हाही त्याने चहा मागवला होता. आम्ही घेतला नाही. त्याचं पुढे कोर्टात जे व्हायचं ते झालं. वेल्डरचीही जबाबदारी टळली नाही, आणि टळायलाही नको होती. ड्रायव्हरविरुद्ध हयगयीचा पुरावा नाही असा अहवाल मी कोर्टाला दिला. जादा माणसं भरल्याचा खटला त्याच्यावर राहिला, त्याचा दंड त्याने भरला. तो गुन्हा त्याचा होताच.

त्याच्या सुटकेआधी मी चुलतभावाला ठाण्यात बोलावून घेतलं. तो फिर्यादी होता, त्याला कळवणं माझं कामच होतं. हाड नीट जुळलं नव्हतं, हात अजून गळ्यात बांधलेला. मी फोटो दाखवले. त्याने ते नीट पाहिले की नाही मला माहीत नाही. त्याने एकच विचारलं.

"म्हंजे त्याच्या हातात कायच नव्हता?"

"काहीच नव्हतं. स्टिअरिंग नुसतं फिरत होतं."

तो उठला आणि निघून गेला. मला वाटलं, पटलं नाही.

पण सुटकेच्या दिवशी तो कोर्टात आला होता. व्हरांड्यात एका टोकाला उभा. हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, साहेब, मारामारी व्हायची, जवळ थांबू. आम्ही जवळ थांबलो. ड्रायव्हर कागदावर सही करून बाहेर आला. दोघे समोरासमोर उभे राहिले. दोघांनाही काय करावं ते कळत नव्हतं. ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता.

चुलतभावाने विचारलं, "त्या येळंला ती काय म्हनली?"

ड्रायव्हरने मान वर केली. "काय नाय म्हनली. झोपली व्हती. माझ्या खांद्याला डोका लावून. जागी झालीच नाय ती."

"भ्याली नाय?"

"नाय, दादा. झोपलीच व्हती."

चुलतभाऊ व्हरांड्याच्या कट्ट्यावर खाली बसला. थोड्या वेळाने ड्रायव्हर त्याच्या शेजारी बसला, मोडक्या हाताच्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला. हवालदार म्हणाले, चला साहेब, आपलं इथं काही काम नाही. आम्ही तिथून निघालो. दुपारच्या एस.टी.ने दोघे एकत्र गेले, असं आमच्या शिपायाने नंतर सांगितलं.

ही केस मला काय शिकवून गेली, ते मी पुष्कळदा मांडायचा प्रयत्न केला आहे. तरुण अधिकाऱ्यांसमोर बोलताना मी वैज्ञानिक पुराव्याचं महत्त्व सांगतो, आणि ते खरंच आहे. पण माझ्यापुरतं दुसरंच काहीतरी राहून गेलं. तो चुलतभाऊ पुढे बसलेल्या आपल्या बायकोच्या शेवटच्या क्षणांबद्दल इतके महिने काहीच जाणत नव्हता. ज्याला ठाऊक होतं तो त्याचाच भाऊ, आणि दोष कुणाचा हे ठरल्याशिवाय त्याला विचारता येत नव्हतं. आमच्यासाठी ती केस प्रलंबित तपासांपैकी एक होती. त्यानंतर एखादी फाईल माझ्या टेबलावर बरेच दिवस पडून राहिली, की मला स्वस्थ बसवत नसे. या फाईलपायी कुणाला काय विचारायचं थांबलं असेल, हे मनात येई आणि मी ती पुढे ओढत असे.